हजेरी हजाराची, पण महिना किती दिवसांचा?

पत्राचा सारांश: परभणी जिल्ह्यातले एक गवंडी, वय ३४, चार वर्षांपासून पुण्यात मजूर नाक्यावर उभे राहून रोजचं काम मिळवतात. हजेरी, म्हणजे एका दिवसाची मजुरी, १,००० रुपये. गावी आई, पत्नी, सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि दीड एकर कोरडवाहू. ‘महिन्याला तीस हजार कमावतो, पण घरी कधी दहा, कधी सहाच हजार जातात. पैसा जातो कुठे?’ असं ते विचारतात. पुढे दोन वाटा आहेत. ओळखीचा ठेकेदार म्हणतो, जोडीनं ये. तुला १,०००, बायकोला बिगारी म्हणून ६००, साइटवर पत्र्याची खोली आणि ५०,००० उचल. भाऊ म्हणतो, परभणीत ७५० नं काम आहे, घरून ये-जा कर. ‘रोजचा अडीचशेचा तोटा घेऊन गावी जाऊ, की बायको-मुलांना पुण्याला आणू?’

दादा,

तुमच्या पत्रातल्या तीस हजारांपासूनच सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे. त्याच पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की नाक्यावर आठवड्यातून चार-पाच दिवस काम लागतं, आणि पेरणी, दिवाळी, लग्नकार्य धरून वर्षातून दीड महिना गावी जातो. म्हणजे पुण्यातला महिना २० हजेऱ्यांचा, आणि वर्ष साडेदहा महिन्यांचं. वर्षाच्या हजेऱ्या २१० आणि कमाई २,१०,०००. बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला साडेसतरा हजार. उरलेले साडेबारा हजार कुणी खाल्ले नाहीत, ते कधी आलेच नव्हते.

आता खर्च, तुम्हीच पाठवलेल्या यादीवरून. खोलीतला वाटा लाइटबिलासह २,०००, मेस ३,५००, चहा-नाश्ता रोजचे ६० म्हणजे १,८००, बस जाऊन-येऊन ४० प्रमाणे २४ दिवसांचे ९६० (काम न लागलेल्या दिवशीही नाक्यावर जावंच लागतं, म्हणून २० नाही, २४), टपरी रोजचे ४० म्हणजे १,२००, मोबाइल ३५०, थापी-ओळंबा-लाइनदोरी असं सटरफटर ३००. झाले १०,११०. साडेदहा महिन्यांचे १,०६,०००. गावच्या चार खेपा १,५०० प्रमाणे ६,०००. हाती उरतात ९८,०००. यात पत्नीची निंदणी-वेचणीची मजुरी मिळवा, ३०० प्रमाणे शंभरेक दिवस, म्हणजे ३०,०००. गावचा घरखर्च महिना ७,००० प्रमाणे ८४,००० वजा करा. वर्षाअखेर शिल्लक ४४,०००. शेताचं उत्पन्न, घरात येणारे सरकारी योजनेचे पैसे मी कुठेच धरलेले नाहीत. कुठली वाट धरली तरी ते जवळपास तेवढेच राहतील.

हाच हिशेब परभणीचा लावू. ७५० ची हजेरी. तुमचा भाऊ सांगतो तसं दहा महिने वीस-वीस दिवस आणि पावसाळ्याचे दोन महिने दहा-दहा दिवस काम मिळालं, तर २२० हजेऱ्यांचे १,६५,००० होतात. घरी तुमच्या जेवणाचा वाढीव खर्च महिना २,०००, पेट्रोल रोजचे ६०, चहा-टपरी ५०, मोबाइल आणि हत्यारं आहेत तेवढीच. सगळे मिळून ५६,०००. उरले १,०९,०००. पत्नीचे ३०,००० मिळवून घरखर्च काढला की शिल्लक ५५,०००. म्हणजे ज्याला तुम्ही अडीचशेचा तोटा म्हणता, तो वर्षाअखेर अकरा हजारांचा फायदा निघतो.

पण भावाला लगेच होकार कळवू नका. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत घरबांधणीची कामं मालकाच्या पैशाच्या आवकीवर चालतात. सोयाबीन विकलं, कर्जाचा हप्ता सुटला, की काम हलतं. मध्ये पंधरा दिवस बंद. मजुरीही तशीच अडकते. तुमचा काटा २०५ हजेऱ्यांवर आहे. परभणीत वर्षाला २०५ हजेऱ्यांचे पैसे हातात पडले, तर पुण्याच्या नाक्याशी बरोबरी होते. हजेऱ्या २२० भरल्या पण वीसांचे पैसे बुडाले, तर गावी राहून नुकसान. तेव्हा भावाला दर विचारू नका, गेल्या वर्षी त्याच्या स्वतःच्या हजेऱ्या किती भरल्या आणि आज किती येणं बाकी आहे, ते विचारा.

आता ठेकेदाराचं बोलणं. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून दिल्यात: कायमचं काम आणि जोडीनं येणं. त्या सोडवून पाहा. समजा तुम्ही एकटेच ठेकेदाराकडे लागलात. महिन्याला २४ हजेऱ्या, साडेदहा महिन्यांच्या २५२. कमाई २,५२,०००. खोलीभाडं आणि बस सुटली, म्हणजे वर्षाचे ३१,००० वाचले. खर्च ७५,००० वर आला. गावच्या खेपा, पत्नीची मजुरी, घरखर्च तसंच ठेवलं तर शिल्लक १,१७,०००. दर एक रुपयानंही वाढलेला नाही. नुसत्या ४२ जादा हजेऱ्या आणि साइटवरची खोली, एवढ्यानं ४४ चे ११७ झाले.

आता जोडीनं. तुमचे २,५२,०००, पत्नीच्या महिना २० हजेऱ्या धरून १,२६,०००, एकूण ३,७८,०००. पुण्यात चौघांचा किराणा, भाजी, दूध, गॅस ११,०००, शाळा-औषध-मोबाइल ३,५००, गावी आईला ३,०००. साडेदहा महिन्यांचे १,८४,०००. सगळ्यांच्या दोन खेपा १०,०००. गावी असाल त्या दीड महिन्याचा घरखर्च साडेदहा हजार. शिल्लक अंदाजे १,७३,०००. पैशाच्या बाजूनं ही वाट सगळ्यांत वर आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एकट्यानं जाण्याच्या तुलनेत ती ५६,००० नं वर आहे, महिन्याला साधारण ४,७००. वर्षभर साइटवर घमेलं उचलणं, मुलीची शाळा बदलणं, आईला एकटीला ठेवणं आणि दीड एकर दुसऱ्याच्या भरवशावर टाकणं, या सगळ्याची किंमत ४,७००. ती पुरेशी आहे की नाही, हे मी ठरवणार नाही. तुम्हीही एकट्यानं ठरवू नका. तीन पानी पत्रात तुमच्या मंडळींचं म्हणणं एका ओळीतही नाही.

उचलीबद्दल तुम्ही ‘वरून पन्नास हजार मिळतायत’ असं लिहिलंय. वरून काही मिळत नाही, ती तुमचीच पुढची मजुरी आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती किती दिवस उचल राहते, ते बघा. जोडीची महिन्याची मजुरी ३६,०००. ठेकेदार आठवड्याला खर्ची, म्हणजे घरखर्चापुरते पैसे, देणार ४,०००, म्हणजे महिन्याला सव्वासतरा हजार. बाकीचे पावणेएकोणीस हजार ‘हिशेबाला’. पावणेतीन महिन्यांत पन्नास हजार फिटले. तिथून पुढे तुम्ही त्याचे देणेकरी नाही, तो तुमचा देणेकरी. वर्षाचा हंगाम संपेपर्यंत खर्ची आणि उचल वजा जाता त्याच्याकडे तुमचे १,४७,००० पडून असतात, बिनव्याजी. त्याच पैशावर तो पुढच्या साइटच्या जोड्यांना उचल देतो. बिल्डरनं त्याचं बिल अडवलं की हिशेब दिवाळीवरून संक्रांतीवर जातो, आणि तुम्ही काम सोडायचं म्हटलं की ‘आधी उचल फेड’ हे ऐकावं लागतं, कारण फिटल्याचा कागद कुणाकडेच नसतो. उचलीसाठी माणसाला कामावर अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्यापर्यंत जायची वेळच येऊ नये, यासाठी उचल लहान ठेवा. प्रवास आणि पहिल्या पंधरवड्याचा किराणा निघेल एवढी, दहा हजारांच्या आत.

आणि खर्ची नको, आठवड्याचा हिशेब मागा. ‘शनिवारी पूर्ण चुकता, खात्यावर.’ ठेकेदार पूर्ण आठवड्याला तयार होणार नाही. एक आठवडा मागे ठेवणं चालतं, ते सगळीकडे चालतं. महिना मागे ठेवतो म्हणाला, तर ही साइट तुमच्यासाठी नाही. रोख देत असेल तर वहीत रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. हजेरीची वही मुकादमाकडे असते. दर शनिवारी तिच्या पानाचा फोटो काढून त्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, खाली नुसतं ‘या आठवड्याच्या सहा’ एवढं लिहायचं. त्यानं अंगठा दाखवला तरी पुरे. भांडण झालं की ‘तू त्या दिवशी अर्धाच दिवस होतास’ हे पहिलं वाक्य असतं, आणि त्याला उत्तर या फोटोत असतं. स्लॅबच्या दिवशी रात्री दहापर्यंत काम चालतं, त्याची दीड हजेरी की दोन, ते स्लॅबच्या आधी ठरवा. कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर आहे. नाक्यावर तो क्वचित मिळतो, पण मागायची सुरुवात तिथून करायची.

पत्नी आल्याच तर त्यांची हजेरी वेगळ्या नावानं आणि पैसे त्यांच्याच खात्यावर. ‘जोडीचे सोळाशे’ असं एकत्र बोलणं स्वीकारू नका. एकाचा खाडा पडला की जोडीचाच दिवस कापला जातो, आणि बाईचा दर किती हे वर्षभर कुणालाच कळत नाही. तोच माल वाहणाऱ्या पुरुष बिगाऱ्याला साइटवर किती मिळतात, ते विचारून घ्या. एकाच कामाला बाईला कमी देता येत नाही. राज्याच्या किमान वेतनातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैत बदलतो. तुमचा गवंड्याचा दर त्याच्या वर असेल, पण बिगाऱ्याचा दर त्या-त्या वेळी ताडून बघायला हवा.

साइटवर पहिल्याच दिवशी एक काम करा. गेटजवळ प्रकल्पाचा फलक असतो, त्यावर बिल्डरचं नाव आणि महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज करताना ‘कुठलं काम, कुणाचं’ या प्रश्नाशी अर्ज अडतो. ठेकेदाराचं नुसतं पाळण्यातलं नाव आणि मोबाइल नंबर असला की काहीच हलत नाही. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

तुम्ही विचारलं नाहीये, पण पत्रावरून दिसतं की इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे तुमची नोंदणी नाही. चार वर्षं! बांधकाम खर्चावर जो एक टक्का उपकर घेतला जातो, तो याच मंडळासाठी. वय १८ ते ६०, गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम, आधार, रहिवासी पुरावा, बँक पासबुक, फोटो. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर, कारण नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज वेगळा. म्हणून ठेकेदाराकडे लागलात की ९० वा दिवस भरताच त्याच्याकडून दाखला घ्या. काम सुटल्यावर मागाल तर देणार नाही. फी नाममात्र आहे, अर्ज ऑनलाइन होतो. मंडळाचा भांड्यांचा संच मिळवून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. खरा फायदा भांड्यांचा नाहीच: मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,०००, अकरावी-बारावीला १०,०००, कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख. दरवर्षी नूतनीकरण केलं नाही तर यातलं काही मिळत नाही. अपघातानंतर घरचे कागद शोधतात आणि नोंदणी आधीच संपलेली निघते, हे फार होतं. पत्नी बांधकामावर आल्या तर त्यांचीही स्वतंत्र नोंदणी होते.

शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि इथे मुलीचा प्रश्न येतो. दिवाळीनंतर मध्येच शाळा सोडवली तर तिचं वर्ष हेलकावतं. दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. पण प्रवेश मिळणं आणि शाळेत टिकणं यांत फरक आहे. आईबाप सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा साइटवर, मुलगा तिसरीत. त्याला कोण सांभाळणार? सातवीतली मुलगी. बहुतेक ठिकाणी असंच होतं, कुणी ठरवून करत नाही. लेबर कॅम्पात बायकांसाठी वेगळं, दाराला कडी असलेलं संडास आहे का, हेही ठेकेदाराला विचारू नका, जाऊन बघा.

रेशन हा गावाकडेच राहून जाणारा पैसा. कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत आहे, आणि पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात त्याच कार्डावर मिळतं. तुमच्या वाट्याचं तुम्ही इथे उचला, बाकीच्यांचं आई गावी उचलेल. कार्ड फोडावं लागत नाही. अडचण येते ती अंगठ्याची. सिमेंटनं गवंड्याच्या बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही, दुकानदार परत पाठवतो. एका बोटानं जमलं नाही तर बाकीच्या बोटांनी प्रयत्न करा. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं देऊन या आणि मोबाइल नंबर जोडून घ्या. गॅससाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. महाग पडतो, पण टपरीवर चोरून भरून घेतलेल्या टाकीपेक्षा बरा. पत्र्याच्या खोलीत ती फुटली तर पळायला जागा नसते.

हजेरीऐवजी अंगावर उक्तं काम, म्हणजे मापावर मजुरी, घेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. एका गवंड्याचं आतल्या प्लास्टरचं काम दिवसाला शंभर-सव्वाशे चौरस फूट धरा. समजा मजुरी १६ रुपये फूट ठरली, १२० फूट झालं: १,९२०. बिगाऱ्याचे ६५० गेले, उरले १,२७०. चांगलं दिसतं. पण परांची बांधायला गेलेला अर्धा दिवस, वाळू आली नाही तो दिवस, इलेक्ट्रिशियननं पुन्हा फोडलेली भिंत, हे सगळं आता तुमच्या अंगावर. शिवाय मापात मारतात. रूढ मापन पद्धतीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही, आणि अर्धा ते तीन चौरस मीटरच्या खिडकी-दरवाजाची वजावट एकाच बाजूची होते, कारण कडांचं प्लास्टर वेगळं मोजत नाहीत. ठेकेदार दोन्ही बाजू वजा करतो आणि कडाही मोजत नाही. दहा खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये तुमची दीड-दोन दिवसांची मजुरी अशी जाते. माप कसं धरणार, हे काम घेण्याआधी लिहून घेता आलं तरच उक्तं घ्या. पहिल्या वर्षी नकोच.

तर आत्ता काय करायचं? माझं मत असं: ठेकेदाराकडे एकटेच लागा. उचल दहाच्या आत, आठवड्याचा चुकता हिशेब. चार महिने बघा. महिन्याला खरोखर २४ हजेऱ्या भरतात का, आणि शनिवारचा शनिवार पैसा येतो का. दोन्ही जमलं तर जूनमध्ये, शाळा सुरू होताना, घरच्यांना आणण्याचा विचार करा. तोपर्यंत तुमची नोंदणी झालेली असेल आणि लेबर कॅम्पही तुम्ही आतून पाहिलेला असेल. हिशेब लांबायला लागला आणि साइट सोडावी लागली, तर परभणीचे ५५,००० नाक्याच्या ४४,००० पेक्षा जास्तच आहेत, आणि घरचं जेवण वेगळं. चार महिने साधं कॅलेंडर भिंतीवर लावून काम लागलेल्या दिवसावर गोल करा, पैसे मिळाले की त्या गोलावर फुली. फुली नसलेले गोल दोन आठवड्यांचे झाले, की ठेकेदाराशी बोलायचं, तिसऱ्या आठवड्याची वाट बघायची नाही.

हे आकडे पत्नीला फोनवर वाचून दाखवा. निंदणीचे तीस हजार मी तुमच्या पत्रावरून धरले आहेत. शेतातली मजुरी किती दिवस लागते आणि घरखर्चाला सात हजार पुरतात का, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. त्या वेगळा आकडा सांगतील तर तोच घाला आणि हिशेब पुन्हा करा.